पुष्पाबाईंनी केलेला कागद

सुलतानपूरच्या पुष्पाबाईंनी त्र्याहत्तराव्या वर्षी लोणारला जाऊन नोटरीसमोर एक कागद केला. आपण बेशुद्ध असू आणि आजार बरा होण्याची आशा नसेल, तर नळ्या-मशीन लावून नुसतं जगवत ठेवू नये, असं त्यात लिहिलं होतं. साक्षीला शेजारचे गुलाबराव आणि शाळेतल्या महामाया मॅडम होत्या. वेळ आल्यावर निर्णय घ्यायला मुलगा उत्तमराव आणि मुलगी संजीवनी, अशी दोन नावं घातली.

उत्तमरावांना ते मुळीच आवडलं नाही.

"माय, चांगली हिंडूफिरू राह्यली तू. असं अभद्र काऊन लिवून ठेवलं?"

"तुह्या बापाचे शेवटचे वीस दिवस आठव. त्याईले काय पायजे होतं, हे आपल्याले कोनाले तरी माहीत होतं का?" एवढं बोलून त्या वांगी तोडायला गेल्या.

थंडीत त्यांना न्यूमोनिया झाला. बुलढाण्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत शुद्ध हरपली होती. श्वासाचं मशीन लावावं लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. कागद उत्तमरावांच्या पिशवीत होता.

"दादा, कागद दे न," संजीवनी म्हणाली.

"घरी राह्यला," ते खोटं बोलले. कागद दाखवला तर आईला कुणी हातच लावणार नाही, अशी धास्ती त्यांच्या मनात बसली होती. मशीन लागलं. पण आईनं एक सांगितलं आणि आपण दुसरंच केलं, हे त्यांना सहन होईना. सकाळी त्यांनी कागद डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी तो शांतपणे वाचला. "कायद्यानं हा कागद पक्का आहे. पण तो आजच्यासाठी नाही. आईंचा आजार बरा होणारा आहे. आणि उद्या तशी वेळ आलीच, तरी मी एकटी ठरवत नाही. डॉक्टरांची दोन मंडळं तपासतात, तुम्हा दोघांची संमती घेतात. लपवायचं काय त्यात?"

उत्तमरावांनी कागदाची घडी घालून तो परत पिशवीत ठेवला.

तिसऱ्या दिवशी मशीन निघालं. आठवड्यानं वॉर्डात पुष्पाबाई उशीला टेकून बसल्या, तेव्हा मुलानं सारं कबूल केलं.

संजीवनी भडकली. "माय, याचं नाव काढ त्या कागदातून!"

"काऊन? लपवला बी त्यानंच, अन् दाखवला बी त्यानंच." पुष्पाबाईंचा आवाज अजून बसलेलाच होता. "पर तू तो वाचला का रे पुरा?"

उत्तमरावांनी मान हलवली. वाचला नव्हता.

"मंग वाच आता. मोठ्यानं."

ते खाटेच्या कडेला बसून वाचू लागले. निर्णय कोणी घ्यायचा हा तिसरा मुद्दा संपवून चौथा सुरू केला, तोच पलीकडच्या खाटेवरचे आजोबा कोपरावर उठले.

"ओ भाऊ, ते तिसरं पुन्हा वाचा जरा. मले बी करा लागते हे."