भुऱ्यावरचा आळ

रामसिंगचा निकाल सकाळीच लागला होता: भुऱ्याला उद्या सिद्धेश्वरच्या धरणापलीकडं सोडून यायचं. नातीच्या, शितलच्या, दंडावर गोल चट्टे उठले होते आणि कुत्र्याच्या पाठीवरचे केस गेले होते. हिशेब जुळला. तांड्यावरच्या तंट्यांचा न्यायही रामसिंग असाच करी. झटपट, आणि शक्यतो जो हजर नाही त्याच्या विरोधात.

बायको नीलाबाई वाद घालत नसे. ऐकून घेई आणि मनातलं करी. तिनं भुऱ्याला दोरी बांधली, वारंगा फाट्यावर ऑटो धरला आणि कळमनुरीला जनावरांच्या डॉक्टर अफशीनपुढं जाऊन बसली.

"मावशी, पाठीला काय लावलंत?"

"काही न्हाई."

डॉक्टरनं कापूस फिरवला. तो काळाकुट्ट झाला. "हे 'काही न्हाई' फारच काळं आहे."

"गॅरेजातलं जळकं ऑइल. आमच्या मालकानं लावलं. खरूज जाती म्हणून."

"खरूज आहे का, ते तर आधी बघू."

अफशीननं पात्यानं कातडी रक्ताचा ठिपका येईपर्यंत खरवडली आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. खरजेचा किडा सापडला नाही. मग खिडकी लावून बुरशी चमकवणारा जांभळा दिवा पाठीवर फिरवला, केस उपटून तपासले. तिथंही काही नाही.

"पिसवांनी खाजवत होता, ऑइलनं भाजला. पोरीचे चट्टे मला गजकर्णाचे वाटतात. तिला माणसांच्या डॉक्टरकडं न्या. पण ते ह्याच्याकडून आलेलं दिसत नाही. घरात मांजर आहे?"

होती. पांढरी, गुबगुबीत, दुपारभर रामसिंगच्या पोटावर झोपणारी. बायकोच्या चहात दूध कमी पडलं तरी चालायचं, तिच्या वाटीत नाही.

"ती तर धडधाकट हाय."

"धडधाकट दिसणारीच फसवतात. आणा तिला."

दुसऱ्या दिवशी रामसिंग पोतं घेऊन भुऱ्याकडं निघाला, तर नीलाबाई वाटेत उभी.

"आधी मांजर दाखवू."

"तिला काहून? तिचा एक केस गळला न्हाई."

"मंग भिऊन काहून राहिले?"

"कोण भिऊन राहिलं?"

"तर चला. धरा तुमीच. मला ओरबाडती."

रामसिंग मांजरीची वकिली करायलाच दवाखान्यात आला. खिडकी लागली, दिवा लागला, आणि मांजरीच्या कानामागचे केस कोवळ्या हरभऱ्यागत हिरवे चमकले.

"दिव्यातच खोट असन," रामसिंग म्हणाला.

"काल भुऱ्यावर हाच दिवा होता, काका." डॉक्टरनं ते केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली घेतले. "बुरशी आहे. गजकर्णच."

"मालक," नीलाबाई म्हणाली, "बंडी वर करा."

"इथं?"

"चार रोज झाले खाजवून राहिले. मला दिसत न्हाई व्हय?"

डॉक्टरनं भल्या मनानं सूक्ष्मदर्शकातच नजर ठेवली. बंडी वर गेली. पोटावर, मांजरीच्या झोपायच्या जागी, लालभडक गोल चट्टा.

"मच्छर चावला," रामसिंग म्हणाला.

"आता हिला सोडून द्यावं लागन का?" त्यानं हळूच विचारलं.

"कशाला? औषध द्या, औषधाची आंघोळ घाला, अंथरुणं उकळत्या पाण्यात धुवा. बरी होईपर्यंत वेगळी ठेवा."

"आंघोळ मालक घालतील," नीलाबाई म्हणाली. "अन् भुऱ्या?"

"ऱ्हाऊ दे."

"कुठं?"

"आता डॉक्टरसमोर काय..."

"डॉक्टरसमोरच सांगा."

रामसिंगनं मांजरीकडं बघितलं. तिनं तोंड फिरवलं.

"दारात ऱ्हाईन तो. धरणावर न्हाई नेत."

तेव्हा कुठं नीलाबाई बाकावरून उठली.