दारातल्या दोन खांबांची शंका

मी बोलतोय, म्हणजे नेमका डावा खांब बोलतोय की उजवा, हे मला अजून कळलेलं नाही. जळगावातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयाच्या दारात आम्ही दोघं उभे असतो, मधून एक माणूस जाईल एवढं अंतर ठेवून. वायर एक, स्विच एक, आवाजही एकच. म्हणून मी स्वतःला 'मी' म्हणतो. चुकत असेन तर समजून घ्यावं.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. खोक्यातून बाहेर आलो तेव्हा पहिलं दिसलं ते भिकनभाऊंचं स्टूल. दारात बसून पिशव्या पाहणं हे त्यांचं काम होतं. ते स्टूल उचललं आणि तिथेच मला उभं केलं. भिकनभाऊंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "हाऊ पाणी पेस का चहा?" सगळे हसले. मी पाणीही पीत नाही आणि चहाही, मी वीज पितो.

काम मला असं सांगितलं गेलं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक चौकोनी टॅग चिकटवलेला असतो. पुस्तक रीतसर घरी न्यायचं असेल तर संगणकावर त्याची नोंद होते आणि टॅग झोपतो. जागा टॅग माझ्यामधून गेला की मी ओरडायचं. सोपं वाटतं, नाही? पण मुलं फोनमध्ये शंभर शंभर पुस्तकं घेऊन माझ्यामधून जातात आणि तिथे मी गप्प. पूर्वी कार्डांचे खण चाळत बसावं लागे म्हणतात. आता नशिराबादहून येणारा मुलगा एसटीतच फोनवर पाहून घेतो, पुस्तक जागेवर आहे की नाही. मग ग्रंथालय नेमकं कुठे आहे, माझ्या आत की माझ्या बाहेर? आणि मी राखतोय काय?

असो. सांगायचं आहे ते अभिमन सरांबद्दल.

सर पदार्थविज्ञान शिकवायचे. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी रोज सकाळी पिंप्राळ्याहून रिक्षाने येतात, खिडकीजवळ बसतात आणि जेवायच्या वेळेला उठतात. खांद्याला कापडी पिशवी. ज्या सुट्टीत टॅग चिकटवायचं काम निघालं होतं, त्या सुट्टीत माणसं कमी पडली म्हणून सरही मदतीला बसले होते. पुस्तक उघडायचं, टॅग लावायचा, पुढचं घ्यायचं.

सुट्टी संपली, मला सुरू केलं, आणि त्याच दिवशी सर निघाले तेव्हा मी ओरडलो. लाल दिवा, कर्कश आवाज, सगळ्या माना वर. सर जागच्या जागी थिजले. पिशवी उघडायला हात गेला तोच भिकनभाऊ धावत आले. "राहू द्या सर! तुमची पिशवी तपासू का मी? तुम्ही जा. या मशीनले काहीच समजत नही."

दुसऱ्या दिवशी सर आत येताना मी ओरडलो. जातानाही ओरडलो. रोजच ओरडू लागलो. ग्रंथपाल दीपमाला मॅडम दर वेळी उठून म्हणायच्या, "जाऊ द्या सर, मशीन नवीन आहे." पण सर गेले की त्याच मॅडम माझ्याकडे बघत राहायच्या. मशीन दुसऱ्या कुणावर उगाच ओरडत नव्हतं.

एकदा दोन मुलं माझ्याजवळ उभी होती.

"सर रात्री घरी नेतात न् सकाळी आणून ठेवतात रे. म्हणून दोन्ही वेळा वाजतं."

"भारी आहे. कार्ड नको न् रांग नको!"

सर त्यांच्या मागेच होते. त्यांनी ऐकलं. त्यानंतर ते आले नाहीत.

मी विचार करत राहिलो. माझं चुकलं का? टॅग होता, मी ओरडलो. पण टॅग होता याची तरी मला खात्री आहे का? की मीच बिघडलोय?

काही दिवसांनी सर आले. रिकाम्या हातांनी. मी गप्प राहिलो. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेल असं वाटलं होतं, पण ते तसेच मॅडमच्या टेबलाशी गेले. "दीपमाला, मी घरातली सगळी कपाटं उपसली. बायको विचारते, काय शोधताय? तिला काय सांगू? हल्ली मला कधी कधी आठवत नाही. मी खरंच पुस्तकं नेत असेन का गं?"

मॅडम खुर्चीतून उठल्याच. "सर, काहीतरीच काय!"

"मग उद्या पिशवी आणतो, ती तपासा. तुम्ही कुणी तपासलीच नाही."

दुसऱ्या दिवशी सर पिशवी घेऊन आले आणि दाराबाहेरच थांबले. "भिकनभाऊ, ही घ्या आणि आत जा."

भिकनभाऊ निघाले. मी ओरडलो.

"आते मी बी चोर व्हई गऊ का!" भिकनभाऊंनी पिशवी छातीशी धरली.

सर पहिल्यांदा हसले. मग प्रयोगशाळेत असल्यासारखे कामाला लागले. चष्म्याचं घर माझ्यामधून नेलं. गप्प. पाण्याची बाटली. गप्प. मफलर. गप्प. शेवटी वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला त्यांचा स्वतःचा जुना शब्दकोश. मी ओरडलो.

मॅडमनी कव्हर सोडवलं. मागच्या पानावर टॅग होता, अगदी सरळ, काठांना अंगठा फिरवून बसवलेला.

सरांनी त्या काठांवरून पुन्हा अंगठा फिरवला. "हा मीच लावला," ते म्हणाले. "सुट्टीत. कोश टेबलावर होता, ढिगात आला असेल. मी लावला आणि पुन्हा कव्हर घातलं."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "सर, पहिल्याच दिवशी पिशवी पाहिली असती तर..."

"मान राखलात माझा," सर म्हणाले. "राहू द्या. फक्त तो टॅग काढू नका, पान फाटेल."

मॅडमनी संगणकावर काहीतरी केलं आणि तो टॅग झोपवला.

आज सकाळी सर आले. मी गप्प. ते दोन पावलं आत गेले, थांबले, मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग बाहेर जाऊन पुन्हा आत आले. मी गप्पच. त्यांचा चेहरा उतरला. टॅग झोपवलाय हे ते विसरले असावेत; "कोश कुठे राहिला की काय?" असं पुटपुटत घाईघाईने पिशवी उघडून त्यांनी आत हात घातला. कोश आतच होता. त्यांनी तो वर काढला, मला दाखवला, आणि खिडकीकडे गेले.

आता माझ्या ओरडण्याने त्यांना जास्त त्रास झाला की गप्प राहण्याने, ते मला समजत नाही. मला चिकटवलेलं कळतं, चोरलेलं कळत नाही. म्हणून एवढंच मागतो. मी ओरडलो की माणसाच्या चेहऱ्याकडे बघत बसू नका. त्याची पिशवी उघडा, त्याच्यासमोर, लगेच. तो कितीही मोठा असला तरी.