हाय लिहू न देणारं मशीन

माझी बायको संघप्रिया गेली त्याला वर्ष होत आलं होतं. तिच्या वर्षाच्या कार्यक्रमाची, पुण्यानुमोदनाची पत्रिका तिच्याच कॉम्प्युटरवर, माझ्या हातानं लिहायची असं मी ठरवलं. शिवाजी पेठेतल्या एका छापखान्याचं टायपिंग ती घरी करायची. मी फौंड्रीतला माणूस, एका बोटानं लिहितो.

फोटोखाली मला तिचं बोलणं पाहिजे होतं. काहीही अडलं की ती म्हणायची, "मी हाय की." तेच लिहायला घेतलं. 'हाय' लिहून जागा सोडली आणि त्याचं 'आहे' झालं. पुसून परत लिहिलं. परत 'आहे'.

संशय सरळ प्रसेनजीतवर गेला. हा तिचा भाऊ, बिद्रीला मास्तर. दिवाळीनंतर प्रश्नपत्रिका काढायला याच मशीनवर बसला होता. माझ्या बोलण्याला हसायची त्याला जुनी खोड. फोन करून बोलावून घेतला.

"बायकोच्या मशीनला शाळा शिकवलीस व्हय रं?"

"मी काय केलं, दाजी?"

"हाय लिहू देत न्हाय ते. तुझ्यागत बोलाय लागलंय."

तो हसला. माझं डोकं आणखी फिरलं.

"दात काढू नगंस. काय केलंयस ते काढ आधी."

त्यानं टूल्समध्ये जाऊन एक चौकट उघडली. लिहिताना आपोआप बदलायचे शब्द तिथं घातलेले होते. हायचं आहे, न्हायचं नाही, व्हयचं हो.

"घावलास का न्हाय?"

"दाजी, हे अक्कानं घातलंय. तिच्या हातनं एका लग्नपत्रिकेत 'शुभविवाह योजिला हाय' छापून गेलतं. छापखान्यात लई हसले तिला. मग माझ्याकडनं हे शिकून घेतलं. तुम्हाला सांगू नको म्हणाली."

"का?"

"तुम्ही भांडाय गेला असता."

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. खोटं बोलताना तो कान खाजवतो. हात टेबलावरच होते.

"सगळं काढू?" त्यानं विचारलं.

"हाय तेवढा काढ. बाकीचं तिनं घातलंय तसं राहू दे."

त्यानं काढलं. मी परत लिहिलं. या वेळी अक्षर हललं नाही.

"पावणं हसतील, दाजी."

"हसू देत की. कोण कोण हसतंय ते बघून ठेवतो."