शांत केलेला माणूस

जिवामामांच्या कानावर सलाईनचा स्टँड बसला, त्यानंतर दवाखान्यात प्रशिक्षणाच्या गोष्टी सुरू झाल्या.

मोखाड्याच्या बाहेर, जव्हारच्या रस्त्याला एका संस्थेचा हा छोटा दवाखाना. जिवामामा तिथले वॉर्डबॉय, वयानं सगळ्यांत मोठे. पावसाळ्यात साप चावलेली एक मुलगी आणली होती, ती गेली. तिच्या काकानं हाताला लागलं ते उचललं आणि समोर दिसेल त्याला मारलं. समोर जिवामामा होते. त्यांचा डावा कान कायमचा गेला. केस करायला तेच नको म्हणाले. पण तेव्हापासून बाहेर कुणाचा आवाज चढला की रंजना सिस्टर हातातलं काम सोडून दाराकडे बघायची. वॉर्डात इंजेक्शन भरतानासुद्धा ती दाराकडे पाठ करून उभी राहायची नाही.

संस्थेनं जव्हारला प्रशिक्षण ठेवलं. शिकवायला ठाण्याहून वर्षा मॅडम आल्या होत्या. चिडलेल्या माणसाच्या अगदी समोर उभं राहायचं नाही, जरा तिरकं राहायचं. हात त्याला दिसतील असे, उघडे. दार अडवायचं नाही. तुम्हालाही बाहेर पडता आलं पाहिजे आणि त्यालाही. ‘शांत व्हा’ असं कधीच म्हणायचं नाही, त्यानं माणूस आणखी पेटतो. त्याचं नाव विचारायचं, नावानं बोलायचं. तो जे म्हणतोय ते आधी त्यालाच परत सांगायचं, म्हणजे त्याला कळतं की कुणीतरी ऐकलं. मग त्याला बसवायचं. बसलेला माणूस सहसा मारत नाही.

जोड्या लावून सगळ्यांनी ते करून पाहिलं. दवाखान्याचे डॉक्टर हरेश चिडलेले नातेवाईक झाले, टेबलावर हात आपटून ओरडले. बाकीच्यांना हसू येत होतं. रंजनाला आलं नाही. तिनं हात उघडे धरले, आवाज खाली आणला, आणि खोटंखोटं ओरडणारे डॉक्टर खरोखरच खुर्चीत बसले.

“हिला जमलं,” वर्षा मॅडम म्हणाल्या. “पण एक लक्षात ठेवा. तो चिडलाय त्याला कारण असतं. ते कारण तुम्ही पुढे न्यायचं. नुसता माणूस गप्प झाला म्हणजे काम झालं नाही.”

हे वाक्य रंजनानं ऐकलं होतं. तिला पटलंही होतं.

दिवाळी होऊन गेल्यावर एका सकाळी पोशेऱ्याची रखमी बाळंत झाली. मुलगी झाली, रडली, चांगली होती. पण रखमीचं रक्त थांबेना. डॉक्टरांनी औषधं दिली, गर्भाशय आवळावं म्हणून रंजना तिचं पोट चोळत राहिली. रक्त जरा कमी व्हायचं, पुन्हा सुरू व्हायचं. दवाखान्यात रक्ताची सोय नव्हती.

“नाशिकला न्यावं लागेल,” डॉक्टर म्हणाले. “देवजीला गाडी लावायला सांगा.”

देवजी म्हणजे अॅम्ब्युलन्सचा ड्रायव्हर. गाडी एकच होती आणि तो तिचं पंक्चर काढून आत्ताच परत येत होता.

रखमीचा नवरा कान्हा बाहेरच्या बाकावर होता. आतून रक्तानं भिजलेली चादर बाहेर नेताना त्यानं पाहिली आणि तो उठला. उंच, हडकुळा माणूस. त्यानं कोपऱ्यातलं लाकडी स्टूल उचललं आणि डॉक्टरांच्या खोलीच्या दारावर घातलं.

“मारता का काय तिला? गाडी कुठाय? गाडी सोडा आता, नायतर एकेकाला पाहतो!”

जिवामामा भिंतीला चिकटले. डॉक्टरांनी आतून कडी लावली.

रंजना बाहेर आली. ती नीट तिरकी उभी राहिली. हात उघडे, कोपरापर्यंत रक्ताचे.

“कान्हादादा, मी रंजना. रखमीजवळ मीच आहे.”

“गाडी कुठाय?”

“तुम्हाला गाडी पाहिजे. आत्ता पाहिजे. रखमीचं रक्त जातंय आणि इथं कुणी हलत नाही असं तुम्हाला वाटतंय.”

“मग? हलतंय कोण?”

“बरोबर आहे तुमचं. मी असते तर मीही ओरडले असते. गाडी येतेय. रखमी तिच्यात जाणार आणि मी तिच्यासोबत जाणार. ते स्टूल खाली ठेवाल? मला तुमच्याजवळ बसायचंय.”

कान्हाचा ऊर भात्यासारखा हलत होता. मग त्यानं स्टूल खाली ठेवलं, स्वतःच त्यावर बसला आणि तोंड झाकून घेतलं. रंजनानं त्याला पाणी दिलं. त्यानं ते पिऊन ग्लास दोन्ही हातांनी परत दिला.

आतून कडी निघाली. डॉक्टर हळूच म्हणाले, “कमाल केलीत, सिस्टर.”

तेवढ्यात देवजी गाडी घेऊन आला आणि त्याच्या मागोमाग दोन मोटारी फाटकातून शिरल्या. मोखाड्याच्या बाजारपेठेतला दुकानदार सुशील आपल्या वडिलांना घेऊन आला होता. बळवंतशेठना छातीत दुखत होतं. बरोबर दहा-बारा माणसं, दोघांचे मोबाईल आधीच वर धरलेले. डॉक्टरांनी ईसीजी काढला. त्यात घाबरण्यासारखं काही दिसत नव्हतं.

“काही दिसत नाही म्हणजे काय?” सुशील काउंटरवर थापा मारत ओरडला. “बापाला काही झालं ना, तर हा दवाखाना जागेवर ठेवणार नाही! नाशिकला न्यायचं, आत्ताच्या आत्ता! ती काय उभी आहे गाडी!”

“ती एका पेशंटसाठी—” डॉक्टर म्हणू लागले.

“कोण पेशंट? दाखवा! ए, याचा चेहरा नीट घे रे व्हिडिओत.”

रंजना तेव्हा रखमीजवळ होती. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा तिला वाटलं स्ट्रेचर आणतायत. तिनं रखमीच्या अंगावरची चादर नीट केली. मग खिडकीतून गाडी फाटकाबाहेर वळताना दिसली.

ती धावत बाहेर आली. “सर, आपली गाडी?”

“त्यांच्याबरोबर दिली.” डॉक्टरांच्या कपाळावर घाम होता. “काय करणार होतो मी? फोडून टाकलं असतं सगळं. जव्हारला फोन केलाय, दुसरी गाडी निघाली.”

“त्यांच्या दोन मोटारी आहेत, सर! रखमीला रक्त पाहिजे!”

“मला कळत नाही का? पण तो बारा माणसं घेऊन आलाय. आणि तुमचा माणूस आता ऐकतोय ना? तुम्हीच समजावलंय त्याला. थोडा वेळ धरून ठेवा.”

बाहेर कान्हा स्टुलावरच होता. त्यानं गाडी जाताना पाहिली होती.

“बाई, गाडी गेली?”

रंजनाचा आवाज आपोआप खाली आला. “जव्हारहून दुसरी येतेय, दादा.”

“म्हातारा लय सिरियस होता काय?”

तो उत्तराची वाट बघत होता, म्हणून तिनं होकारार्थी मान हलवली.

“गावातली जीप बघू का? फोन लावला का येल जीपवाला.”

रंजनानं विचार केला. जीपमध्ये ऑक्सिजन नाही, आडवं झोपवायला जागा नाही. जव्हारची गाडी निघाली आहे. पुस्तकाप्रमाणे थांबणं बरोबर होतं.

“नको. रस्त्यात काही झालं तर हाताशी काहीच नसेल. गाडी येईलच.”

“तुमी म्हंता तर बसतो,” कान्हा म्हणाला आणि बसला.

जव्हारची गाडी घाटात दरड काढायच्या कामामागे अडकली. रंजना फोन करत राहिली, रखमीला हाका मारत राहिली. रखमी आधी पाणी मागत होती, मग थंडी वाजते म्हणाली, मग मुलीचं काहीतरी म्हणाली, ते रंजनाला कळलं नाही. त्यानंतर तिनं हाकेला ओ दिली नाही. डॉक्टर घामानं निथळत तिची छाती दाबत होते. फाटकाशी जव्हारच्या गाडीचा हॉर्न वाजला तेव्हा त्यांनी हात काढून घेतले होते.

सांगायला रंजनाच गेली. जिवामामा आडोशाला सरकले. डॉक्टर पुन्हा खोलीत गेले.

कान्हानं काहीही उचललं नाही. तो म्हणाला, “तुमी नीट बोलल्या, बाई. आमच्याशी असं कोण बोलत नाय.”

रंजना मागच्या मोरीत गेली आणि नळ सोडून उभी राहिली. हात धुवायचे तिला सुचलं नाही.

पुढच्या आठवड्यात संस्थेचे लोक आले. एका दिवसात हाणामारीचे दोन प्रसंग आले आणि एक काचही फुटली नाही, याचं त्यांना कौतुक होतं. जव्हारच्या पुढच्या प्रशिक्षणात रंजना सिस्टरनं आपला अनुभव सांगावा असं ठरलं.

“मी सांगेन,” रंजना म्हणाली. “गाडी कुणासाठी आली होती आणि कुणाला दिली, तेही सांगेन.”

डॉक्टर हरेश खाली बघत होते. संस्थेचे गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, “तुम्हाला त्रास झालाय, सिस्टर. ते आम्ही समजू शकतो. बसा ना.”

ती बसली नाही. तिला वाटत होतं की ओरडावं. तोंड उघडलं, पण आवाज चढेना. अनुभव सांगायला त्यांनी दुसरं नाव सुचवलं आणि चहा मागवला. बळवंतशेठ तोवर दुकानात गादीवर बसायला लागले होते.

रविवारी ती एसटीनं निघाली, फाट्यावर उतरली आणि चालत पोशेऱ्याला पोचली. नाचणीची कापणी झाली होती. कान्हाच्या घरी त्याची आई होती, गौरा. ओसरीवर टांगलेल्या झोळीत मुलगी झोपली होती. मुठी घट्ट, कपाळावर काजळाचा ठिपका.

“कान्हा नाय,” गौरा म्हणाली. “भिवंडीला गेला, बिल्डिंगच्या कामाला. इथं राहवंना त्याला. तुमचं नाव काढतो. ती बाय नसती तर माझ्या हातून कोणतरी मेला असता, म्हंतो.”

रंजना ओसरीच्या कडेला बसली. वाटेत जे जुळवलं होतं त्यातलं काहीच आठवेना. ती सरळ म्हणाली, “आई, ती गाडी रखमीसाठीच आली होती. मोखाड्याचा तो म्हातारा दुकानदार सिरियस नव्हता. त्यांची माणसं जास्त होती, ती ओरडली, म्हणून त्यांना दिली. कान्हादादा जीप आणत होते, तर मीच बसा म्हटलं.”

गौराचा झोळीला झोका देणारा हात थांबला. अंगणात एक कोंबडी पाचोळा उकरत होती, तिला तिनं हाकललं.

“त्याला सांगितला?” तिनं विचारलं.

“नाही. फोन करणार आहे. त्यांना कळायला पाहिजे.”

“नका सांगू.”

“आई, त्यांचा हक्क आहे.”

“तो तिकडं एकटा हाये, बाय. उंचावर चढून काम करतो. हे कळला तर तो त्या दुकानदाराला मारील, नायतर खाली उडी टाकील. मंग हिला कोण?” गौरानं झोळीकडे हात केला. “त्याला वाटतं तिची वेळ भरली होती. वाटू दे. गप हाये तर गप राहू दे त्याला.”

मुलगी जागी झाली आणि रडायला लागली, लहान, चिरका आवाज. गौरा तिला मांडीवर घेऊन वाटीतलं दूध चमच्यानं पाजू लागली. रंजनाला उठून कान्हाला फोन लावायचा होता, पण ती तशीच बसून राहिली. शेवटच्या एसटीची वेळ होत आली तेव्हा गौरानंच तिला सांगितलं, आता निघा.