पाती कुठे जातात

मुंगीला पंख्याशिवाय झोप येत नाही, हे आमच्या बिल्डिंगमध्ये दूधवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे. ती माझी मुलगी, चार वर्षांची. थंडीत दोन दुलया घेईल, नाकाचा शेंडा लाल करून घेईल, पण वर पंखा हवाच. वीज गेली की ती टक्क जागी. तिच्यामुळे मी जागी आणि माझ्यामुळे तिचा सात वर्षांचा दादा, जो जागा असला की प्रश्न विचारतो. बरं, पंखा नुसता चालू असून भागत नाही. बाईसाहेब आडव्या झाल्या की मग लावायचा. आधीपासून फिरत असेल तर बंद करायचा, पूर्ण थांबू द्यायचा आणि पुन्हा लावायचा. हा हट्ट मी हट्ट म्हणूनच सोसत आले होते.

आणि आता मला नोकरी आली होती. डोंगरावरच्या एका संशोधन केंद्रात रानातल्या झाडांच्या बिया कशा रुजतात ते रोज बघायचं आणि टिपून ठेवायचं, असं काम. वनस्पतिशास्त्र शिकले तेव्हापासून मला हेच हवं होतं, आणि दादा झाल्यापासून मी फक्त गॅलरीतल्या कुंड्या बघत होते. केंद्राच्या मॅडम फोनवर म्हणाल्या, मुलांना खुशाल आणा, खाली शाळा आहे. खोली आहे, सौरऊर्जेवरचा दिवा आहे. पंखा नाही, इथे लागत नाही. पंख्याचं त्यांनी अगदी सहज सांगितलं. मी सोमवारपर्यंत कळवते म्हटलं.

नवरा जहाजावर असतो. त्याचं म्हणणं, काम तुझ्या आवडीचं आहे, मुंगी झोपत असेल तर जा. तिकडून बोलायला काय जातं. नणंद शेजारच्याच गल्लीत राहते, तिने बॅटरीवरचा टेबल फॅन आणून दिला. मुंगीने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. तिला आवाज लागत असेल म्हणून मी पंख्याची घरघर मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवली होती, तीही वाया गेली. वारा लागत असेल म्हणून वीज गेलेली असताना जुन्या मासिकाने वारा घालून पाहिला होता. हात मोडून आला, पोरगी जागीच.

तेव्हा मी ठरवलं, शनिवारी एक रात्र पंख्याशिवायच्या जागी जायचं आणि काय होतं ते बघायचं. तलावाकाठी मैदान आहे, तिथे लोक तंबू लावतात. फाटकापाशी चौकीदार कुटुंब घेऊन राहतो, नळ आहे, संडास आहे. तंबू आमच्याकडे नव्हता आणि मुंगीला कडेवर घेऊन मला तो पेलवलाही नसता. घेतलं ते एवढंच: मच्छरदाणी, कपडे वाळत घालायची दोरी, एक ताडपत्री, दोन चादरी, एक घोंगडी, टॉर्च, पाव, उकडलेली अंडी आणि केळी. आणि औषधांची पिशवी. ती बघून नणंद म्हणाली, "सहलीला चाललीस की दवाखाना उघडायला?" मग दाराशी हळूच म्हणाली, की दिवेलागणीला तिथून शेवटची बस निघते, लाजू नकोस, सरळ बसून ये.

चौकीदाराच्या बायकोने आमचं सामान पाहिलं, मग आमच्या मागचा रस्ता पाहिला आणि तंबू मागून येतोय का असं विचारलं. मी हातातली मच्छरदाणी वर केली. तिच्या खिडकीतून दिसेल असं एक झाड तिने दाखवलं. आभाळ स्वच्छ आहे, पण पाऊस आलाच तर माझ्याकडे या, असंही म्हणाली. झाडापाशी पोचेपर्यंत मी साप, विंचू, तलावाची खोली आणि मुंगीचं जुनं कानाचं दुखणं, सगळ्यांचा विचार करून मोकळी झाले होते.

मच्छरदाणी बांधायला दादा पुढे. चार कोपरे आणि झाड एकच, त्यामुळे आमची चांगलीच गंमत झाली. शेवटी फांदीवरून दोरी टाकून मधला भाग वर खेचला, कडांवर दगड ठेवले, आत ताडपत्री आणि चादरी. झालं ते तंबू कमी आणि वाळत घातलेलं नवरीचं झिरझिरीत पातळ जास्त. मुंगीला फार आवडलं. ती आतून बाहेर आणि बाहेरून आत करत राहिली, आणि दर खेपेला मी मुंग्यांची, म्हणजे खऱ्या मुंग्यांची, रांग कुठवर आली ते पाहत राहिले.

ऊन उतरलं तशी मी रंगीत तालीम घेतली. मुंगीला आडवं केलं. मोबाइलवर घरघर लावली. तिने दोन मिनिटं ऐकली आणि म्हणाली, हा पंखा खोटा आहे. दादाने डब्याचं झाकण दोरीला बांधून तिच्या डोक्यावर गरगर फिरवलं. ती खदखदून हसली आणि आणखी जागी झाली. पाण्याच्या लाटा ऐक म्हटलं, तर तलाव गप्प आहे म्हणाली. तेही खरंच होतं.

एवढ्यात फाटकापाशी बस येऊन उभी राहिली. उजेड पिवळा पडला होता. मुंगी घोंगडीवर उताणी पडून पाय हवेत हलवत होती, झोपेचा मागमूस नाही. मी औषधांची पिशवी भरली, केळी भरली, टॉर्च हातात ठेवली. दादा नुसता बघत होता. मग त्याने विचारलं, "आपण हरलो का?"

"हरलो काय, प्रयोग करून पाहिला," मी म्हटलं.

"पण कळलं काय?"

कॉलेजात आमच्या बाई नेमकं हेच विचारायच्या. आवाज नाही, वारा नाही, फिरणं नाही, एवढं कळलं होतं. पण मग काय? गेली चार वर्षं मी हिच्या ताटातला घास, कपाळाचा ताप, शीचा रंग सगळं बघत आले होते. एक गोष्ट केली नव्हती. मी तिच्याशेजारी आडवी झाले.

"मुंगे, पंखा लावला की तू काय करतेस गं?"

"बघते."

"काय बघतेस?"

"पाती." तिने तीन बोटं वर केली आणि हळूहळू फिरवली. "आधी असतात. मग जातात ना."

"कुठे जातात?"

"तेच तर बघते," ती म्हणाली. एवढी साधी गोष्ट आईला कळू नये, असा तिचा सूर होता.

असं होतं तर. म्हणून पंखा थांबवून पुन्हा लावायचा. दिवा मालवल्यावर रस्त्यावरच्या खांबाचा उजेड छतावर पडतो, त्यात तीन पाती फिरायला लागतात, आणि एका क्षणी पाती नसतात, नुसतं वर्तुळ असतं. तो क्षण धरायला ही रोज टपून बसते आणि टपता टपता झोपते. टेबल फॅनचं काय, असं मी विचारलं. तिने नाक मुरडलं. तो एकदम पळतो, बघायलाच मिळत नाही.

बसने हॉर्न दिला. चौकीदाराची बायको फाटकातून हात हलवत होती, येताय ना, अशा अर्थाचा. मला घाबरायला हवं होतं. नाही असं नाही, घाबरले होतेच. पण त्याहून जास्त मला हे बघायचं होतं, की हळूहळू नाहीसं होणारं दुसरं काही सापडलं तर ही काय करेल. मी उभी राहून दोन्ही हात हलवले. नाही, जा म्हणावं. बस गेली. दादाने पिशवीतून केळी परत बाहेर काढली.

आता शोधायचं होतं. पण फार शोधावं लागलं नाही, कारण आमच्या मच्छरदाणीला भिंतीच नव्हत्या. घोंगडीवर पडलं की जाळीतून पलीकडचा काठ दिसत होता आणि काठावर तीन झाडं. अंधार पाण्यावरून सावकाश वर चढत होता.

"मुंगे, ती झाडं बघ," मी म्हटलं. "जाणार आहेत."

ती उताणी होती, ती कुशीवर वळली. पाय हलायचे थांबले. खूप वेळाने म्हणाली, "एक चाललं."

"ते तिथेच असतं," दादा म्हणाला. "फक्त दिसत नाही."

"तुला काय माहीत?"

 दादाने माझ्याकडे पाहिलं. मला डोळ्याच्या पडद्यावरच्या पेशींबद्दल बरंच सांगता आलं असतं, पण तिला ते नको होतं. तिला बघायचं होतं. दुसरं झाड बुडायला लागलं तसा तिचा अंगठा तोंडात गेला. तिसऱ्याची ती वाट बघत होती, एवढं मला तिच्या श्वासावरून कळत होतं. मग श्वास लांबले.

मी वाकून पाहिलं, हात लावून पाहिलं, नेहमीप्रमाणे नाकाखाली बोटही धरून पाहिलं. झोपली होती.

"तिसरं अजून आहे," दादा कुजबुजला.

आम्ही दोघे त्याच्या मागे लागलो. सरळ त्याच्याकडे पाहिलं की ते नाहीसं व्हायचं, आणि नजर थोडी बाजूला, पाण्याकडे नेली की पुन्हा उभं राहायचं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुणही घेतले होते. करून कधी पाहिलं नव्हतं. दादाला दाखवलं तर तो हरखूनच गेला. मी बघतोय की नाही हे त्या झाडाला कळतं का, असं विचारत विचारत तोही आडवा झाला. मला मात्र झोप येईना. अंगावर वारा नव्हता आणि डोक्यावर घरघर नव्हती. नणंदेला हे सांगायचं नाही, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

सकाळी जाग आली ती मुंगीच्या हातामुळे. ती माझा गाल धरून तोंड वळवत होती. पलीकडच्या काठावर पातळ धुकं होतं आणि त्यातून झाडं परत येत होती, आधी शेंडे, मग खोडं.

"आली," ती म्हणाली. "कुठून आली ते दिसलं नाही. तू मध्ये हलत होतीस."

फाटकापाशी फोनची रेंज मिळते. रविवार होता, सोमवारपर्यंत थांबता आलं असतं, पण थांबवेना. केंद्राच्या मॅडमचा आवाज झोपेतला होता. तुम्ही देताय त्या खोलीतली पलंगाजवळची खिडकी कुठल्या बाजूला उघडते, असं मी विचारलं.  बाकीचे नळाचं विचारतात, असं त्या म्हणाल्या.

"झोपून बाहेर काय दिसतं?" मी विचारलं.

"झाडं. दुसरं काय दिसणार इथे?"

"किती?"

"अहो, जंगल आहे ते."

मुंगी माझा पदर ओढत होती आणि दादा फाटकावर चढून बस दिसते का ते बघत होता. मी मॅडमना सांगितलं, आम्ही येतो.