अकरावा व्हॉल्व्ह

मिस्त्रीच्या गॅरेजात एक नियम होता: ज्यानं इंजिन उघडलं, त्यानं दुरुस्तीनंतरच्या पहिल्या चकरेला गाडीत शेजारी बसायचं. हाताखाली चार माणसं होती तेव्हा त्यांना जरब बसावी म्हणून मिस्त्रीनंच तो घातला होता. चौघंही यथावकाश दुसरीकडे गेली. नियम तेवढा राहिला, आणि तो पाळायला एकटा मिस्त्री.

या खेपेला गाडी मेव्हण्याची होती. बायकोचा धाकटा भाऊ, चष्म्यांच्या तीन दुकानांचा मालक, आणि दारात ही दोन सीटची स्पोर्ट्स कार, जिचं इंजिन मिनिटाला नऊ हजार फेरे घ्यायचं. जावई हा दशमग्रह म्हणतात. या घराण्यात ते काम मेव्हणा बघायचा. तेलाला करडी झाक दिसली म्हणून मिस्त्रीनं इंजिनाचं कव्हर काढलं, तर सोळाच्या सोळा रिटेनर झिजलेले. रिटेनर म्हणजे व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर बसणारी, कोटाच्या बटणाएवढी वाटी. डाळीच्या दाण्याएवढी दोन लॉकं तिला व्हॉल्व्हच्या दांड्याशी धरून ठेवतात. एक लॉक निसटलं की व्हॉल्व्ह सिलिंडरात पडतो, पिस्टन त्याच्यावर आपटतो, इंजिन जागच्या जागी जाम होतं, आणि पुढं काय करायचं ते गाडी स्वतःच ठरवते.

दोन दिवस खपून मिस्त्रीनं सोळाही नवे बसवले. शेवटचं काम सोपं होतं. प्लास्टिकच्या हातोडीनं प्रत्येक रिटेनरवर एक टोला मारायचा. लॉक वाकडं बसलं असेल तर तिथल्या तिथं उडतं. मिस्त्री मनात आकडे म्हणत ठोकायला लागला. मेव्हणा समोर स्टुलावर पाय हलवत बसला होता.

"एवढ्याशा वाट्यांना दोन दिवस, भाऊजी?"

"तू लोकांचे नंबर काढतोस तेव्हा मी मध्ये बोलतो का?"

मिस्त्रीला बरं वाटलं. अकराव्यापाशी बायकोचा फोन आला.

"अहो, मशीनच्या पाइपातून पाणी येतंय. नळ कुठल्या बाजूला बंद होतो?"

"सगळे नळ होतात त्याच बाजूला."

"ती कुठली?"

नळ बंद व्हायला पाच मिनिटं लागली. मिस्त्रीनं फोन खिशात टाकला.

"अकरा झाले ना?" मेव्हण्यानं विचारलं.

"झाले."

झाले की नाही, हे मिस्त्रीला आठवत नव्हतं. पण मेव्हण्यानं विचारावं आणि आपण 'बघतो' म्हणावं, हे सत्तावीस वर्षांत घडलं नव्हतं. अकराव्यावर टोला मारला असता तर तो मेव्हण्याला दिसला असता. मिस्त्रीनं बाराव्यावर मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कालव्याकाठच्या मोकळ्या रस्त्यावर निघाले. मिस्त्रीच्या मनात रात्रभर पाल चुकचुकत होती. मेव्हणा शीळ वाजवत होता. काटा पाच हजारावर गेला, सहावर गेला. सहा हजारावर एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला पन्नास वेळा उघडतो, हे मिस्त्रीला माहीत होतं, आणि ते माहीत नसतं तर बरं झालं असतं असं त्याला पहिल्यांदाच वाटलं. सात हजारावर त्यानं तोंड उघडलं.

"थांबव."

"का? मस्त चाललंय की."

"अकराव्यावर टोला मारला की नाही, आठवत नाही."

मेव्हण्यानं गाडी कडेला घेतली. "काल झाले म्हणालात."

"म्हणालो."

मेव्हण्याचा चेहरा खुलला. परत येताना त्यानं गाडी सायकलच्या वेगानं चालवली आणि प्रत्येक खड्ड्याला "सांभाळून, भाऊजी आहेत गाडीत," असं स्वतःलाच बजावलं.

कव्हर, कॅमशाफ्ट, सगळं पुन्हा निघालं. मेव्हणा दारात उभा होता. मिस्त्रीनं आधी अकराव्यावर टोला मारला. काही झालं नाही. आणखी एक मारला. अकरावा ढिम्म होता.

"पक्का?"

"पक्का."

"म्हणजे उगाच!" मेव्हणा हसायला लागला. "ताईला सांगतो आज. भाऊजी सात हजारावर घाबरले."

आता उघडलंच आहे तर, म्हणून मिस्त्री पहिल्यापासून ठोकायला लागला. एक. दोन. तिसऱ्यावर टिक झालं आणि एक लॉक उडून त्याच्या छातीवर आपटलं. मिस्त्रीनं ते मुठीत धरलं. तिसऱ्याच्या वेळी कुणाचा फोन आला नव्हता. तेव्हा तो चष्म्याच्या नंबरांवरून मेव्हण्याला सुनावत होता, आणि टोला बहुधा निम्म्या जोरानंच बसला होता. त्यानं बॉनेटच्या कडेला धरलं.

मेव्हणा अजून हसत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे मिस्त्रीला कळत होतं. घाबरट म्हणून जगता आलं असतं. तीस वर्षांचं नाव तरी राहिलं असतं. त्यानं मूठ उघडली.

"तिसऱ्याचं आहे."

मेव्हण्यानं लॉक चिमटीत धरून उजेडाकडे केलं. बराच वेळ बघितलं.

"मी नऊ हजारावर नेणार होतो."

"हो."

"आणि तुम्ही शेजारी."

"हो."

मेव्हणा स्टुलावर बसला. त्याचे पाय हलत नव्हते. त्यानं लॉक परत मिस्त्रीच्या हातावर ठेवलं, हळूच, सांडणार नाही अशा बेतानं.

"ताईला काय सांगायचं?"

"सांग, भाऊजी घाबरले," मिस्त्री म्हणाला, आणि त्यानं लॉकाला ग्रीस लावायला घेतलं.