शकूच्या मांडवातला चौक

आळीतल्या शकूच्या हळदीच्या सकाळी बाळकुमच्या मांडवात दोन गोष्टी वाकड्या झाल्या होत्या. मनुबाईचं मनगट आणि जनीनं मांडलेला चौक.

मनगट आदल्या दिवशी मुरगळलं. तांदळाच्या पिठाचा चौक पुरल्याशिवाय धवलारीण लग्नाच्या गाण्याला तोंड फोडत नाही, आणि गाण्यात चौक लिहिणारीचं नाव गुंफते. आजवर ते नाव मनुबाईचंच. पण यंदा ती सगळ्या आळीला सांगून बसली, "माजी धाकटी लिवंल."

"सातवीतली जनी?" तुळसाआत्यानं पदर तोंडाला लावला. "शालंत चौक शिकवतान का गो?"

जनीनं सुतळीला सारख्या अंतरावर गाठी मारल्या, सारवलेल्या अंगणात चार खिळे ठोकले, सुतळी ताणली. चारी बाजू सारख्या, मग काय! उठून मागं सरली आणि बघितलं. चौक एका अंगाला कलला होता.

"कोपरीचे वऱ्हाडी म्हनतील, अंगनात शंकरपाली मांडलीय," आत्या म्हणाली. बायका खदखदल्या.

जनीचे डोळे भरले. स्वतःचं हसं झालं तर झालं, पण आईचा शब्द पडत होता.

मनुबाई शेजारी येऊन बसली. "रडतंस कनाला? तुज्या बाईंनी काय सांगितलंय ते आठव."

काळ्या फळ्यावरची पांढरी आकृती जनीच्या डोळ्यांपुढे आली. चारी बाजू सारख्या असून भागत नाही. तो नुसता समभुज चौकोन. चौरसाला चारी कोन काटकोन लागतात, आणि मग त्याचे कर्णही सारखे होतात.

"आये, दुसरी सुतळी दे. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत धर."

मनुबाईनं डाव्या हातानं टोक धरलं. एक कर्ण लांब, दुसरा आखूड! जनीनं वरचे दोन खिळे उपटले, बाजूंची सुतळी ताणलेली ठेवून थोडे सरकवले. पुन्हा मापलं, पुन्हा सरकवलं. दोन्ही कर्ण जुळले आणि चौक असा ताठ बसला, जसा देवळाचा उंबरा. सुतळीच्या कडेनं पीठ सोडून झाल्यावर, कर्ण एकमेकांना छेदत होते तिथंच खिळा रोवून तिनं दोरी फिरवली. मधोमध पिठाचं गोल चांदणं उमटलं.

धवलारीण आवडाबाईनं विचारलं, "मनू, नाव तुजाच घेऊ ना?"

"नाय. जनीचा घे."

चौक लिवला गो, चौक लिवला,
मनूच्या जनीनं चौक लिवला,
चारी कोन्यांशी दिवा ठेविला,
मधी शकूचा चांद बसविला...

जनी मान खाली घालून पिठाचे हात पुसत राहिली. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला होता, तो काही काढला नाही.

कोपरीची मंडळी मांडवात शिरली तेव्हा त्यांच्या स्वागताला सगळ्यांत पुढं तुळसाआत्या.

"आमच्या पोरीनं लिवलाय! नुसता बघू नका, कोपऱ्याशी कोपरा मापून बघा!"